मदत हवी आहे : गीझरची कॉइल बदलावी की अख्खा गीझरच?

नमस्कार मंडळी,

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर आहे, ९ वर्षं जुना. टाकी पोलादी, आतून काचलेप; पाणी बोअरचं. चालू करताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो. मेन बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या की पडत नाही, आणि कॉइल ते बॉडी मेगरचा (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा) काटा जवळपास शून्यावर. म्हणजे कॉइलचं वरचं आवरण फुटलंय, यात शंका नाही. थर्मोस्टॅट, कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा) ठीक.

खरा प्रश्न टाकीचा. फ्लँज (कॉइल बसवलेलं झाकण) उघडली तर दोन मुठी क्षार निघाले आणि मॅग्नेशियम रॉडची (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवतो तो) नुसती आतली तार उरलीय. रॉड संपला की गंज थेट टाकीला धरतो. सकाळचं पहिलं गरम पाणी किंचित तांबूस येतं, थंड मात्र स्वच्छ. बाहेरून गळती नाही. (सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना ठिबकतो, ते चालायचंच.)

टॉर्च लावल्यावर वेल्डच्या कडेला गंजाचे ठिपके दिसतात. एवढ्यावरून टाकी बाद धरायची, की नवी कॉइल, रॉड आणि गॅस्केट टाकून दोनेक वर्षं निघतील? निघणार असतील तर अशा जड पाण्यात कॉइल तांब्याची घ्यावी की इन्कोलॉयची (निकेल-लोह-क्रोमियमचा मिश्रधातू)?