झाडावरच्या सापांची गावठी नावं नोंदवहीत कशी लिहायची?

नोंदवहीवाला: ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची माहिती लिहायची वही) भरणं सुरू आहे. झाडावरच्या एका हिरव्या सापाला कोणी हरणटोळ म्हणते, कोणी हरनटोय, भंडाऱ्याकडच्या सुना हरनटोर म्हणतात, काही नुसतं 'हिरवा साप'. चार ओळी करू की एक?

बोलीवेडा: पहिली तिन्ही एकच. वऱ्हाडीत ळ चा य होतो (डोळा–डोया), झाडीबोलीत, म्हणजे भंडाऱ्याकडच्या बोलीत, र (डोरा), आणि ण दोन्हीकडं न. एकाच ओळीत तिन्ही रूपं जशी ऐकली तशीच लिहा, शेजारी गाव आणि सांगणाऱ्याचं अंदाजे वय. कृपा करून शुद्ध करू नका, त्यात बोलीच पुसली जाते. 'हिरवा साप' हे मात्र वर्णन आहे, नाव नाही. ते शेऱ्यात टाका.

विचारताना नाव आधी आपल्या तोंडून काढू नका. "याले हरणटोळ म्हणता ना?" म्हटलं की समोरचा मान राखायला हो म्हणतो. फोटो दाखवून "याले काय म्हणते?" एवढंच. ८-१० फोटोंत एक इकडं न आढळणारा साप घाला. त्यालाही कोणी ठाम नाव दिलं तर त्यांची बाकी नावं दुसऱ्याकडून ताडून घ्या. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडं गोंडी बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविड. तिथं मराठी उच्चाराशी जुळवत बसू नका, मोबाईलवर आवाज टिपा.

फांदीवरचा: नावाआधी साप पक्का करा, नाहीतर चुकीचं नाव चुकीच्या सापाला चिकटते. हरणटोळ: टोकदार तोंड, डोळ्यातली बाहुली आडवी. रुका: पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत तांबूस पट्टा, बाहुली गोल, बिनविषारी, चिडला की मान फुगवतो आणि खवल्यांमधून निळसर रंग दिसतो. मांजऱ्या: बाहुली उभी, अंग सडपातळ, रात्री फिरतो. हरणटोळ आणि मांजऱ्या निमविषारी, विषदंत जबड्यात मागं.

हिरवा दिसला तरी डोकं त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी असेल तर तो चापडा, आणि तो विषारी. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरच बेतलेली आहे, चापड्यावर नाही. म्हणून 'हिरवा साप' अशी मोघम नोंद नकोच.

हरणटोळ टाळू फोडतो ही समजूतही लिहून ठेवा. त्याच्या शास्त्रीय नावातला 'अहेतुल्ला' हा सिंहली शब्द, अर्थ डोळे टोचणारा. फांदीवर तो माणसाच्या डोक्याच्या उंचीला असतो आणि डिवचलं की तोंड वासून झेपावतो, त्यातूनच हे आलं असावं. फोटो लांबूनच काढा. साप पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

नोंदवहीवाला: खूप उपयोग झाला जी. दोन घरी मांजऱ्याले 'परड' म्हणते. तेही लिहू?

फांदीवरचा: लिहा, पण शेरा ठळक हवा. विदर्भात परड म्हणजे घोणस. मांजऱ्याच्या अंगावरची नक्षी पाहून ही गल्लत होते. फुरशाशीही होते, पण फुरसं आखूड, खवले खरखरीत, अंगाचे वेटोळे घासून आवाज काढते. मांजऱ्या लांबट आणि गुळगुळीत. चावल्यावर घरच्यांनी दवाखान्यात कोणतंही नाव सांगितलं तरी उपचार लक्षणं आणि २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी पाहून ठरतात, हेही त्याच शेऱ्यात लिहा.

बोलीवेडा: आणि त्या दोन घरांचं मूळ गाव विचारा. नाव सोयरिकीतून आलं असेल तर मूळ गावही रकान्यात जायला हवं.