मदत हवी आहे: बँड-इन-अ-बॉक्समध्ये दादरा कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. कोजागिरीला आई सोसायटीत भावगीतं म्हणणार आहे. तबलजी मिळत नाहीत, म्हणून बँड-इन-अ-बॉक्स या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये साथीचा ट्रॅक करायला शिकतोय. कॉर्ड टाइप करून स्टाइल निवडली की बास, ड्रम्स, गिटार आपोआप वाजतात, फारच सोय आहे! आईची पट्टी काळी चार, तीही लगेच जमली. केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) गाणी ४/४ मध्ये छान बसली.

अडलंय दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात. ३/४ ची वॉल्ट्झ स्टाइल लावली की दर तीन मात्रांनी सारखाच ठोका पडतो. 'धा धी ना, धा ती ना' मधली चौथ्या मात्रेची खाली (टाळी नसलेली, हलकी जागा) कळतच नाही, आणि आई समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना अडखळते.

६/८ वाली स्टाइल घेऊ, की ड्रम्स म्यूट करून वरून तबल्याचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा रेकॉर्ड केलेला तुकडा) जोडू? लूप जोडल्यास लय शेवटपर्यंत जुळलेली राहते का? कोणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा, प्लीज.