जीपमधला सेंट निकोलस
युद्धात सणाला सैनिकांनी पोरांना खाऊ वाटल्याचं कुठे वाचलं की दुसऱ्या महायुद्धातलं, लक्झेंबर्गमधलं विल्ट्झ हे गाव आठवतं. चार वर्षं जर्मनांच्या ताब्यात गेल्यामुळे तिथल्या बारक्या पोरांना सेंट निकोलसचा (पोरांना खाऊ देणारा, सांताक्लॉजसारखा संत) सण माहितच नव्हता, मग ५ डिसेंबर १९४४ ला अमेरिकन सैन्याच्या २८ व्या डिव्हिजनवाल्यांनी आपल्या रेशनमधली चॉकलेटं जमवली आणि रिचर्ड ब्रूकिन्स नावाच्या सैनिकाला पाद्रीबुवांचा झगा अन् दोराची दाढी (हो, चक्क दोराची!) लावून जीपमधून फिरवलं, सोबत देवदूत झालेल्या दोन चिमुरड्या. पुढे अकराच दिवसांत बल्जची लढाई (जर्मनांचा मोठा प्रतिहल्ला) पेटली आणि गाव परत जर्मनांकडे गेलं. पण गाव विसरलं नाही, १९७७ मध्ये ब्रूकिन्सला बोलावून पुन्हा सेंट निकोलस केलंच त्यांनी.