सीओटूशिवाय कार्पेट: मोंटे कार्लो पिवळं पडतंय आणि शेवाळ मात्र जोरात

निळी_काच
माशांची टाकी ६०×३०×३६ सेंमी, पाणी साधारण ५५ लिटर. तळाला २-३ मिमीची साधी धुतलेली खडी, ५ सेंमी थर. २४ वॅटचा एलईडी रोज १० तास, हँग-ऑन (काचेच्या कडेला अडकवायचा) फिल्टर, तापमान २६. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत नाही, त्याचा सिलिंडर बसवायचाही नाही. पुढच्या भागात कार्पेटसाठी, म्हणजे तळावर गालिचासारखं पसरावं म्हणून, कपात विकत मिळणारं मोंटे कार्लो हे रोप लावलंय. जुनी पानं पिवळी होऊन विरघळतायत. नवे फुटवे पसरण्याऐवजी सरळ वर जातायत, दोन पानांमधलं अंतर लांब, पानं बारीक. त्यात धाग्यासारखं शेवाळ गुंतलंय. उजेड वाढवू, की रोपच बदलू?

मुळाक्षर
उजेड वाढवू नका, आजच कमी करा. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सीओटू लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. गॅस सोडलेल्या टाकीत तोच २०-३० ठेवतात. उजेड जितका जास्त, तितका रोपाला कार्बन जास्त लागतो. तो मिळाला नाही की वाढ अडते आणि उरलेल्या उजेडाचा फायदा शेवाळ घेतं.

जुनी पानं विरघळण्यात फारसं काळजीचं नाही. कपातली रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पानं पाण्यात टिकत नाहीत. खरी खूण नव्या फुटव्यात दिसते. तो तळाला चिकटून सरकत असेल तर वाट बघा. तुमच्याकडे तो वर पळतोय, आणि एवढ्या उजेडात हे उजेडाच्या कमतरतेमुळे नाही, कार्बनच्या कमतरतेमुळे आहे. शिवाय साध्या खडीत मुळांना खायला काहीच नाही.

टायमर ६ तासांवर आणा. डिमर असेल तर ५०-६० टक्के, नसेल तर दिवा १५ सेंमी वर उचला. शेवाळ जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा आणि पिवळा भाग कापून टाका, तो टाकीत कुजू देऊ नका.

पाणगवत
रोप बदला, हेच माझं स्पष्ट मत. सीओटूशिवाय माझी पहिली पसंती मार्सिलिया हिरसुटा. लावताना तिची पानं चार पाकळ्यांची असतात, पाण्यात रुळली की नवं पान एकाच गोल पाकळीचं येतं. ते दिसलं की रोपाने जीव धरला समजा. त्यानंतरही कार्पेट भरायला तीन-चार महिने धरा.

लवकर भरायला हवं असेल तर ड्वार्फ सॅजिटेरिया. रनर (आडवे फुटवे) भराभर टाकते, पण उंची हातात राहत नाही. १०-१५ सेंमी सहज, कमी उजेडात त्याहून जास्त. ३६ सेंमीच्या टाकीत ती मागच्या निम्म्या भागातच बरी. क्रिप्टोकोराइन पार्वा बुटकी आणि चिवट, पण फारच सावकाश, म्हणून सुरुवातीलाच भरपूर रोपं लावावी लागतात. हेअरग्रास चांगल्या मातीत जमतं, साध्या खडीत रखडतं. एचसी क्यूबा आणि ग्लॉसोस्टिग्मा सोडून द्या.

लावताना कपातली जेल किंवा रॉकवूल (मुळांभोवतीचा लोकरीसारखा बोळा) पूर्ण धुऊन काढा. दोन-तीन पानांचे तुकडे करून लांब चिमट्याने २-३ सेंमी अंतरावर तिरके खोचा. अख्खा गठ्ठा पुरला तर मधला भाग कुजतो आणि वर तरंगतो.

गाळपेरा
रोप बदलाल, पण तळ तोच ठेवलात तर पुन्हा इथेच याल. तळ पूर्ण बदलणार असाल तर २ ते २.५ सेंमी चाळलेली, खत न मिसळलेली बागेची माती आणि त्यावर १-२ मिमी वाळूचा २.५ सेंमी थर. मातीतले सेंद्रिय पदार्थ कुजताना सीओटू निघतो, तोही थेट कार्पेटच्या पानांजवळ. सीओटूशिवायच्या टाकीत याची किंमत मोठी. मातीचा थर ३ सेंमीच्या वर नेऊ नका, आत ऑक्सिजन संपतो आणि तळ उचकला की सडक्या अंड्याचा वास येतो. पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासे नाहीत.

तळ बदलायचा नसेल तर रूट टॅब (मुळांसाठीची खताची गोळी) १०-१२ सेंमी अंतरावर, खडीच्या तळाशी. वर ठेवली तर खत पाण्यात सुटतं.

निळी_काच
सगळ्यांचे आभार. माती घालणार. ड्राय स्टार्ट केला, म्हणजे आधी टाकी न भरता ओल्या मातीतच रोप वाढवलं, तर मोंटे कार्लो वाचेल का?

मुळाक्षर
उगवेल छान. पाणी मातीच्या पातळीला ठेवा, वर क्लिंग फिल्म, रोज पाच मिनिटं उघडून हवा द्या, नाहीतर बुरशी येते. इथे १०-१२ तास उजेड चालतो, कारण हवेतला सीओटू पानांना सहज मिळतो. पाच-सहा आठवड्यांत मुळं घट्ट होतात. पण पाणी भरलं की कार्बनची टंचाई पुन्हा सुरू, आणि दाट मोंटे कार्लो खालून पिवळं पडून चटईसारखं सुटून वर येतं. तेव्हा ड्राय स्टार्ट कराच, पण मार्सिलियाचा.

पाणगवत
सहमत. भरताना मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून पाणी बारीक धारेने सोडा. पहिला आठवडा रोज निम्मं पाणी बदला, उजेड ६ तासांवर.

गाळपेरा
फिल्टरबद्दल एक दुरुस्ती, कारण लोक डोळे झाकून फिल्टरमधून पडणारा पाण्याचा धबधबा बंद करायला सांगतात. नुसत्या खडीच्या टाकीत पृष्ठभाग हलता राहिलेला बरा, कारण संपलेला सीओटू हवेतूनच भरून येतो. मातीच्या टाकीत पाण्यातला सीओटू हवेच्या समतोलापेक्षा जास्त असू शकतो, तिथे जोराचा धबधबा तो उडवून लावतो. पाण्याची पातळी फिल्टरच्या तोंडापर्यंत भरा, म्हणजे पाणी न आपटता सरकेल. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर लगेच हालचाल वाढवा. आणि कोरीडोरास किंवा तळ उकरणारे इतर मासे कार्पेटची मुळं तळ पकडेपर्यंत नकोत, एका रात्रीत ओळी उपटून ठेवतात.