मदत हवी आहे: घरात वयस्क मांजर, आणि आता येतंय कुत्र्याचं पिल्लू

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आमच्याकडे देशी कुत्र्याचं पिल्लू येतंय, दोनेक महिन्यांची मादी. आम्ही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर.

बाकी तयारी झालीय. पहिली लस टोचलीय, रेबीजची तीन महिन्यांची झाली की. पार्व्होच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्गजन्य आजार) भीतीने सगळे डोस होईपर्यंत खाली रस्त्यावर न्यायचं नाही. मनीप्लांट वर टांगलेत, चार्जरच्या वायरी उचलल्यात. महापालिकेचा परवानाही काढू.

खरा प्रश्न आमच्या चिंगीचा. नऊ वर्षांची मांजर, घराची मालकीणच म्हणा ना! पाहुण्यांची चप्पलसुद्धा तिला खपत नाही. हुंगते, कान मागे पाडते आणि फिस्कारते. सासूबाई म्हणतात, "सोडा दोघींना एकत्र, आपसांत बघून घेतील." मला ते पटत नाही. एक पंजा पिल्लाच्या डोळ्याला लागला तर? म्हणून चिंगी बेडरूममध्ये, पिल्लू हॉलमध्ये, आणि सुरुवातीला एकमेकींच्या अंथरुणाचा फक्त वास, असं ठरवलंय.

ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी सांगा: समोरासमोर कधी आणायचं, हे कशावरून ओळखलंत? चिंगीचं खाणं ओट्यावर ठेवता येईल, पण लिटर ट्रेचं (तिच्या शी-शूच्या ट्रेचं) काय? पिल्लं त्यात तोंड घालतात म्हणे. आणि रात्री पिल्लू रडलं तर जवळ जायचं की नाही?

दाराला लावायचं फाटक सुचवणार असाल तर स्क्रू न लागणारं सुचवा. घर भाड्याचं आहे, मालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.