सिलेक्ट्रिक टाइपरायटर सुरू होतो, पण कळा दाबल्याच जात नाहीत. कुणी वापरलाय का?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या चर्चच्या तळघरात दरवर्षी जुन्या सामानाची विक्री असते. तिथून शनिवारी ४० डॉलरला एक इलेक्ट्रिक टाइपरायटर उचलला. उचलला म्हणजे अक्षरशः उचलला, गाडीपर्यंत नेईस्तोवर कंबर गेली. आयबीएम करेक्टिंग सिलेक्ट्रिक टू, निळा. सोबत पुस्तिका नाही, विकणाऱ्या आजोबांना काही माहीत नाही. "कुठे ठेवणार आहेस हा?" या बायकोच्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही.

अडचणी अशा:

१) उजवीकडचा स्विच दाबला की मोटरचा घूं आवाज येतो. शिफ्ट दाबली की अक्षरांचा गोळा गर्रकन फिरतो, म्हणजे जीव आहे. पण अक्षरांची एकही कळ खाली जात नाही. दगडासारख्या घट्ट. गोळा पार उजव्या टोकाला जाऊन बसलाय.

२) डबीत आणखी एक गोळा मिळाला, त्यावर १२ लिहिलंय. बसलेल्यावर १० आहे. बदलायचा कसा? ओढायला भीती वाटते.

३) उजव्या कोपऱ्यात फुलीचं चिन्ह असलेली कळ आहे. खोडायची असावी. ती नेमकं काय करते?

४) आत डब्ल्यूडी-४० चा तेलकट स्प्रे मारू का?

मी आयुष्यात टाइपिंग शिकलेलो नाही, कॉम्प्युटरवर चार बोटांनी चालतं. त्यामुळे अगदी बालवाडीपासून सांगितलंत तरी चालेल.

फुकटचा_सल्लागार

प्लग काढून परत लावून पाहिलात का? आमच्या ऑफिसात सगळ्याला हेच औषध आहे.

जुनी_स्टेनो

चौथ्याचं उत्तर आधी देते: नाही! तो डबा कपाटात ठेवा. बाकीचं या धाग्यावर येणारी मेकॅनिक मंडळी सांगतील.

आता पहिला प्रश्न. मशीन बिघडलेलं नाही असं माझं मत. गोळा उजव्या टोकाला आहे म्हणालात ना, तिथेच उत्तर आहे. उजवी मार्जिन आली की हे मशीन कळा लॉक करतं, नाहीतर ओळ कागदाबाहेर जाईल. कुणीतरी तो तिथे नेऊन सोडला असणार. उजवीकडची मोठी रिटर्नची कळ एकदा दाबा. गोळा धाडकन डावीकडे येईल, दचकू नका, आणि कॉफीचा कप लांब ठेवा. रिटर्नने हलला नाही तर मार्जिन रिलीजची, म्हणजे मार्जिन ओलांडू देणारी कळ दाबून एखादं अक्षर मारून बघा. आणि हो, स्विच बंद असतानाही कळा लॉकच असतात. बंद मशीनवर जोर लावू नका.

कपाचं सांगते कारण माझा पहिला दिवस. १९७६ साल, मुंबईत फोर्टमधल्या एका परदेशी कंपनीत स्टेनो म्हणून लागले. दादरच्या इन्स्टिट्यूटमध्ये मॅन्युअलवर शिकलेली, इंग्रजी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेली. मॅन्युअलवर ओळ संपली की डावा हात उचलून दांडी ढकलायची, कागदासकट सगळी कॅरेज उजवीकडे जाते. सिलेक्ट्रिकला ना दांडी, ना हलणारी कॅरेज. कागदाचा रोलर जागच्या जागी आणि गोळाच इकडून तिकडे धावतो. मी सवयीने बेल वाजल्याबरोबर डावा हात हवेत मारला. शेजारी चहाची बशी होती. साहेबांच्या डिक्टेशनच्या वहीवर चहा, आणि वही माझ्या शॉर्टहँडची, दुसऱ्या कुणाला वाचता येईना. ते पत्र मी आठवणीने काढलं.

दुसरी सवय मोडायला महिना लागला, ती बोटाची. मॅन्युअलवर करंगळीने 'ए' मारायचा म्हणजे करंगळीत ताकद हवी, नाहीतर अक्षर पुसट. इथे जोर मोटर देते. बोट नुसतं ठेवायचं, मारायचं नाही. तुम्हाला कॉम्प्युटरची सवय आहे म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल. एक मात्र लक्षात घ्या: स्पेस, बॅकस्पेस, रिटर्न आणि हायफनची कळ हलकी दाबली तर एकदाच चालते, खोल दाबून धरली की थांबतच नाही. खाली सहीसाठी लांब रेघ ओढायला हे फार छान. पण स्पेसबारवर अंगठा टेकवून विचार करत बसलात तर गोळा निघाला पुढे.

मार्जिन: कळफलकाच्या वर मोजपट्टी आहे, तिच्यावर दोन खटके. आत दाबून सरकवायचे, सोडले की बसले. उजव्या मार्जिनच्या थोडं आधी बेल वाजते. बेल ऐकली की शब्द संपवायचा किंवा तोडायचा आणि रिटर्न. हे ठरवायचं तुम्ही, कॉम्प्युटरसारखी ओळ आपोआप खाली येत नाही. टॅबची कळ डावीकडे, तिच्याजवळच सेट आणि क्लिअर. जिथे थांबा हवा तिथे गोळा नेऊन सेट दाबायचं. पगारपत्रकाचे रकाने मी असे लावायचे.

गोळा: मशीन बंद करा. शिफ्ट लॉक अडकलेला नाही ना बघा, गोळा छोट्या अक्षरांच्या स्थितीत हवा. वरचं झाकण उघडा. गोळ्याच्या डोक्यावर काळी चपटी पट्टी आहे, ती वर उचला आणि गोळा सरळ वर ओढा, पिरगाळू नका. नवीन बसवताना डोक्यावरची त्रिकोणाची खूण रोलरकडे ठेवा, दाबा, पट्टी खाली पाडा. गोळा मात्र हातातून पाडू नका हो! वरून धातूचा दिसला तरी आतून प्लास्टिकच, आणि बुडाशी जे दात आहेत त्यातला एक गेला तरी अक्षर वाकडं यायला लागतं.

१० आणि १२ म्हणजे इंचात किती अक्षरं. गोळा बदललात की मशीनवरचा १०-१२ चा खटकाही बदला. तो विसरलात तर १२ चा गोळा दहाच्या अंतराने चालतो आणि पत्र दातपडक्यासारखं दिसतं. कशी माहीत? आमच्या चेअरमनकडे तसं एक गेलं होतं.

आता फुलीची कळ, माझी लाडकी. करेक्टिंग मॉडेल १९७३ चं. त्याच्या आधी चूक झाली की खोडरबर. तेही गोळा बाजूला नेऊन, नाहीतर रबराचा कीस मशीनच्या पोटात. वर कार्बन कॉप्या वेगळ्या खोडायच्या. हिच्यात असं: चुकीचं अक्षर मारलं, फुली दाबा. गोळा एक घर मागे येईल. आता तेच चुकीचं अक्षर पुन्हा मारा. या वेळी शाईच्या रिबनऐवजी खोडायची टेप वर येते आणि अक्षर कागदावरून उचलून घेते. गोळा पुढे सरकत नाही. मग बरोबर अक्षर. ध्यानात ठेवा, नेमकं तेच अक्षर मारायला हवं. चुकून काय मारलं होतं हेच विसरलात तर टेप दुसऱ्याच आकाराचं अक्षर उचलणार.

पण हे रिबनवर अवलंबून आहे. उचलणारी टेप फक्त करेक्टेबल फिल्म रिबनबरोबर चालते. कापडी रिबनची शाई कागदात मुरते, ती उचलली जात नाही. तिला पांढरा थर देणारी, झाकणारी टेप लागते. तुमच्यात काय आहे ते बघा: फिल्म काळी, चकचकीत आणि पातळ, कापडी म्हणजे कापडी.

फिल्म रिबनची एक गंमत सांगून थांबते. ती एकदाच चालते आणि प्रत्येक अक्षराला कोरा तुकडा, म्हणजे वापरलेल्या रिबनवर सगळं पत्र ओळीने वाचता येतं. आमच्याकडे वेतनवाढीची पत्रं मी दार लावून टाइप केली, कॉप्या सीलबंद केल्या, आणि संपलेली रिबन कचऱ्याच्या टोपलीत टाकली. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचमधल्या पोरांना प्रत्येकाचा आकडा तोंडपाठ! त्यानंतर संपलेली रिबन मी पर्समध्ये घालून घरी नेत असे. आणि चेक मात्र या रिबनवर कधी टाइप करायचा नाही, कारण जे मला उचलता येतं ते दुसऱ्यालाही येतं.

तेलपाणी

स्टेनोताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त पोटातलं बोलतो. वडिलांचं नागपुरात टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं, मी सुट्टीत तिथेच असायचो.

डब्ल्यूडी-४० नको, कारण ते जुनं ग्रीस पातळ करून घाण आत आत नेतं आणि उडून गेल्यावर चिकट थर मागे ठेवतं. सिलेक्ट्रिक जुना झाला की निम्मे आजार वाळलेल्या ग्रीसचे असतात. आत सर्किट नाही की चिप नाही. मोटर एक शाफ्ट फिरवते आणि कळ दाबली की तरफांची एक रांग ठरवते, गोळा किती झुकवायचा आणि किती फिरवायचा. झुकायच्या ४ पायऱ्या, प्रत्येक ओळीत २२ अक्षरं, एकूण ८८. शिफ्ट म्हणजे गोळा अर्धा वळसा. हा निरोप गोळ्यापर्यंत पोचवतात दोन पातळ स्टीलच्या पट्ट्या. म्हणून बंद मशीनचा गोळा हाताने फिरवू नका, गोळ्याची गाडी ढकलू नका. पट्टी निसटली की घरी बसवणं कठीण.

ग्रीस वाळल्याची लक्षणं: कळ दाबल्यावर उशिरा उठणं, एकदा दाबून दोनदा अक्षर, रिटर्न अर्ध्यात अडकणं. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवल्यावर सुधारत असेल तर नक्कीच ग्रीस. सफाई जाणकाराकडून करून घ्या. मोटर नुसती गुरगुरली आणि फिरली नाही तर लगेच प्लग काढा, तेव्हा मोटर सुरू व्हायला मदत करणारा कॅपॅसिटर बघावा लागतो. मोटर छान फिरतेय पण टाइपही नाही, रिटर्नही नाही, असं असेल तर शाफ्टवरचा प्लास्टिकचा हब (चाकाचा मधला भाग) वयाने तडकलेला असू शकतो.

कागद घालताना मागे एक जादा कोरा कागद लावा. रोलर वाचतो, आवाजही कमी येतो.

एडिसनकर

अहो, चालला! रिटर्न दाबली, गोळा असा आला की मांजर सोफ्याखाली गेलं ते अजून बाहेर नाही. कळा मोकळ्या. मी मूर्खासारखा दोन दिवस यूट्यूबवर इंजिन उघडायचे व्हिडिओ बघत होतो.

काकू (म्हणू ना?), रिबन कापडी निघाली आणि टेप उचलणारी. म्हणून फुली दाबून काही होत नव्हतं, अक्षर फक्त मळकट व्हायचं. झाकणारी टेप मागवलीय.

एक शंका: पुढे कधी परत आलो तर हा पुण्याला आणता येईल का?

कोथरूडात_परत

मी आणलाय, म्हणून सांगतो. तिथला ११० व्होल्टचा, इथे २३०. थेट लावलात तर मोटर संपली. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि मोटरला पुरेल असा, दाढीच्या मशीनचा नव्हे. दुसरं कुणी सांगत नाही ते म्हणजे ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेची वारंवारता) नाही. तिथे ६०, इथे ५०. मोटर साधारण एक षष्ठांश सावकाश फिरते. माझ्या चार बोटांना फरक पडला नाही, फास्ट टाइपिस्टला पडेल. आणि सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणू नका. मी आणला, आणि एका बाजूच्या रोलरची मूठ आजही नाही.

जुनी_स्टेनो

काकू म्हणा, आजी म्हणालात तरी खरंच आहे.

रिबनचा साठा आत्ताच करून ठेवा. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळल्यावर आमचे साहेब परदेशातून येताना बॅगेत रिबनी आणायचे, चॉकलेटं नंतर.

पहिल्या पानाचा फोटो टाका बघू.

एडिसनकर

टाकलाय. हसू नका.

जुनी_स्टेनो

हसले नाही. समास चांगला आहे. पण 'ई', 'ए' आणि 'ओ' यांची पोटं भरून काळी आलीत, ते कापडी रिबनमुळे. धागे आणि शाई गोळ्यावरच्या अक्षरांच्या खाचांत बसते. गोळा काढा, जुन्या टूथब्रशने कोरडाच घासा, फुंकर मारा, आणि त्रिकोण रोलरकडे ठेवून परत बसवा. गोळ्याच्या गाडीजवळ १ ते ५ आकड्यांची दाबाची पट्टी आहे, ती तुमची बहुतेक ५ वर असेल. फुलस्टॉप कागदाला भोक पाडतोय, फोटोत दिसतंय. २ किंवा ३ वर आणा.