मदत हवी आहे: 40 माणसांसाठी ओव्हनमधले कुरकुरीत फ्लॉवरचे तुरे, सादळू नयेत म्हणून काय करावे?

सर्वांना नमस्कार. मी सांगलीला विश्रामबागेत राहते. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी माझ्या सासऱ्यांना 75 वर्षे पूर्ण होत असून, त्या संध्याकाळी गच्चीवर नातेवाईक आणि त्यांचे जुने सहकारी मिळून साधारण 40 माणसे जेवायला येणार आहेत. जेवण आचाऱ्यांना सांगितले आहे. जेवणाआधी हातात धरून खाण्याजोगा एक पदार्थ मात्र मी स्वतः करणार आहे, आणि तो फ्लॉवरचा करायचा असे ठरवले आहे.

फ्लॉवरच का, हे सांगायला हवे. सासऱ्यांना फ्लॉवरची भजी अतिशय प्रिय. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयावर उपचार झाले, तेव्हापासून डॉक्टरांनी तळलेले बंद केले आहे आणि मीठही कमी करायला सांगितले आहे. घरात काही कार्य असले की सगळ्यांच्या ताटलीत भजी किंवा वडे असतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत काहीतरी उकडलेले येते. ते तक्रार करत नाहीत, पण ती वाटी हलकेच बाजूला सारून ठेवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. निदान त्यांच्याच वाढदिवशी, जे सगळ्यांच्या हातात तेच त्यांच्याही हातात असावे, आणि पाहुण्यांनाही ते पथ्याचे खाणे वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून तळण नको, ओव्हनमध्ये भाजलेलेच हवे; पण कुरकुरीत हवे.

गेल्या दोन आठवड्यांत तीन वेळा करून पाहिले. आमच्याकडे 28 लिटरचा ओटीजी आहे. फ्लॉवरचे तुरे काढून, अळ्यांसाठी मीठ-हळदीच्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवले, निथळले, मग दही, मीठ, आले-लसूण आणि आमचा घरचा कांदा-लसूण मसाला लावून तासभर मुरू दिले. त्यानंतर डाळीच्या पिठात घोळवून 200 अंशांवर 25 मिनिटे भाजले. पहिल्या दोन्ही वेळी चव उत्तम आली, पण तुरे बाहेरून मऊ आणि तळाशी ओलसर राहिले, ट्रेमधल्या बटर पेपरवर तर पाण्याचे डाग दिसत होते. तिसऱ्या वेळी तापमान 230 केले, तेव्हा मसाला करपून कडवट झाला आणि दांडा मात्र कच्चाच राहिला. ओव्हनमधून काढल्याक्षणी जो थोडाफार कुरकुरीतपणा होता, तोही स्टीलच्या डब्यात झाकून ठेवल्यावर दहा मिनिटांत गेला. मुलीने एक तुरा बोटांत धरून दाबला, तर तो गादीसारखा दबला.

दुसरी अडचण संख्येची आहे. माणशी सहा तुरे धरले तरी 240 होतात. माझ्या ट्रेमध्ये सुटे सुटे मांडले तर जेमतेम 30 बसतात. म्हणजे आठ घाणे, आणि प्रत्येकी अर्धा तास धरला तर चार तास. पहिला घाणा तोवर पार सादळून जाईल. हे आधी करून ठेवता येते का, आणि ठेवले तर वाढताना पुन्हा खुटखुटीत कसे करायचे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? मैदा आणि बाजारचा ब्रेडचा चुरा शक्यतो टाळायचा आहे. आपल्या सूचनांची वाट पाहते.

प्रतिसाद, मिरजेहून

नमस्कार ताई. मी मिरजेत बरीच वर्षे घरगुती ऑर्डर घेते. आपला ओव्हन दोषी नाही, दोष दह्यामिठात मुरवण्यात आहे. फ्लॉवरच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. कापलेल्या तुऱ्याला मीठ लागले की ते बाहेर येऊ लागते, त्यात दह्याचे पाणी मिळते, आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर ओव्हन 220 अंशांवर असला तरी त्या पृष्ठभागाचे तापमान 100 अंशांच्या फारसे पुढे जात नाही. खरपूस रंग आणि वास धरायला साधारण 140 अंश लागतात. कढईत तेल उष्णता झपाट्याने देते, त्यामुळे हे पाणी पहिल्या दोन-तीन मिनिटांत चरचरत उडून जाते. गरम हवेत तेवढा जोर नसतो. म्हणून ओव्हनसाठी ते काम आपणच आधी करून ठेवायचे, म्हणजे तुरे अगदी कोरडे करायचे.

मी असे करते. तुरे साधारण लिंबाएवढे आणि एकसारखे काढते, दांडा जाड असेल तर त्याला उभी चीर देते. उकळून उतरवलेल्या पाण्यात मीठ-हळद घालून पाच मिनिटांपेक्षा अधिक ठेवत नाही. मग सुती पंचावर फुलाचे तोंड खाली आणि दांडा वर असे ठेवून दोन-तीन तास पंख्याखाली सोडते. तोंड वर ठेवले तर फुलात पाणी अडकून राहते, आणि नेमके तेच नंतर वाफ होऊन आवरण मऊ करते. कोरड्या तुऱ्यांवर आधी दोन चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरावे. घोळासाठी एक वाटी तांदळाची पिठी, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, रंगापुरते दोन चमचे डाळीचे पीठ, पाव चमचा बेकिंग पावडर आणि थंड पाणी. नुसत्या डाळीच्या पिठाचे आवरण तळणात छान लागते, पण ओव्हनमध्ये ते मऊच राहते. खुटखुटीतपणा तांदळाच्या पिठीने येतो. घोळ भज्यांच्या पिठाहून पातळ हवा, चमच्याच्या पाठीवर तलम थर राहील इतकाच. मीठ घालायचे ते या घोळात, तुऱ्यांना नाही. सासऱ्यांसाठी ते कमी ठेवलेत तरी चालेल, चटणी चव सांभाळून घेते.

तेल पूर्ण टाळू नका. एका ट्रेला दीड-दोन चमचे तेल लागतेच, त्याशिवाय आवरण पिठूळ आणि पांढरे राहते. रिकामा ट्रे तेल लावून ओव्हनमध्येच तापू द्या आणि तुरे त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा, म्हणजे खालची बाजू लगेच धरते. 220 अंशांवर 18 मिनिटे, मग उलटून जाळीवर आणखी सात-आठ मिनिटे. जाळीवर सुरुवातीपासून ठेवू नका, ओला घोळ गळून जातो. कांदा-लसूण मसाला घोळात घालू नका, उलटताना चमचाभर तेलात कालवून ब्रशने लावा, म्हणजे करपणार नाही.

प्रतिसाद, साताऱ्याहून

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी वीजजोडणीचे काम करतो, म्हणून ओव्हनपुरती एक गोष्ट सांगतो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते का, ते पाहावे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 230 व्होल्टचे 190 झाले तर ती सुमारे 32 टक्क्यांनी कमी होते. बटण 220 अंशांवर असले तरी गार ट्रे आत गेला आणि दार दोनदा उघडले की गेलेले तापमान परत यायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पदार्थ भाजण्याऐवजी वाफवला जातो. शक्य असल्यास भाजण्याचे मुख्य काम दुपारी उरका. ओव्हन पूर्ण 20 मिनिटे तापवा, आणि आत ठेवायचा छोटा तापमापक मिळाला तर अवश्य घ्या, कारण घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत बरेचदा फरक निघतो.

प्रतिसाद, सांगली, गावभाग

ताई, 240 तुरे घरच्या ओटीजीत करण्याचा हट्ट आपण का धरावा? दिवाळीत आपल्याकडे नानकटाईचे पत्रे बेकरीत भाजायला नेतात, तसेच हेही न्यावे. पावाचा घाणा निघाल्यानंतर भट्टी बराच वेळ चांगली तापलेली असते आणि एका मोठ्या पत्र्यावर शंभराच्या आसपास तुरे सहज सुटे बसतात. दोन दिवस आधी जाऊन वेळ ठरवून घ्यावी, आणि त्या पत्र्यावर अंड्याचे काही भाजलेले नाही ना, तेही विचारून घ्यावे, कारण पाहुण्यांत न खाणारे असतील.

ब्रेडच्या चुऱ्याऐवजी चुरमुरे वापरून पाहा. भडंगाच्या गावात राहून आपण बाहेरचा चुरा कशाला आणायचा? तयार भडंग मात्र नको, त्यातला लसूण आणि शेंगदाणे ओव्हनमध्ये करपतात. साधे चुरमुरे चमचाभर तेलावर हळद घालून मंद आचेवर कुरकुरीत परतावे, गार झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवावे आणि घोळातून काढलेला तुरा त्यात घोळवावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. रविवारी मंडईतून दोन गड्डे आणून सांगितल्याप्रमाणे सगळे केले. साधारण 700 ग्रॅमच्या गड्ड्यातून पाने आणि मुख्य दांडा काढल्यावर 450 ग्रॅम तुरे निघाले, मोजून 32. म्हणजे 240 साठी आठ गड्डे लागतील.

तुरे तीन तास पंचावर पालथे ठेवले. उचलले तेव्हा पंचावर प्रत्येक तुऱ्याखाली ओला गोल उमटला होता. एवढे पाणी मी आजवर ओव्हनमध्ये घालत होते, हे तेव्हा डोळ्यांना दिसले. एक गड्डा नुसत्या तांदळाच्या घोळाचा केला आणि दुसरा चुरमुऱ्यांचा. चुरमुऱ्यांचा चुरा पहिल्यांदा भरड ठेवला होता, तो उलटतानाच निम्मा गळून पडला. रव्यासारखा बारीक केला तेव्हा मात्र पक्का चिकटला. भाजून झाल्यावर ट्रे हलवला तर तुरे चक्क खडखडले. जाळीवर उघडे ठेवल्यावर चुरमुऱ्यांचे तुरे 40 मिनिटे आणि नुसत्या घोळाचे 25 मिनिटे कुरकुरीत राहिले. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच चार खाल्ले आणि “हे तळलेले नाही ना?” असे दोनदा विचारले.

राखून ठेवण्याचाही प्रयोग केला. काही तुरे 18 मिनिटांनंतर, फिकट असतानाच बाहेर काढून तीन तास जाळीवर उघडे ठेवले आणि मग पुन्हा 220 अंशांवर आठ मिनिटे भाजले. ते ताज्यापेक्षाही अधिक खुटखुटीत झाले. त्यामुळे आता असे ठरवले आहे की, शनिवारी दुपारी बेकरीत पहिली भाजणी करून आणायची आणि संध्याकाळी पाहुणे येतील तसतसे घरच्या ओव्हनमध्ये 30-30 तुरे शेवटची आठ मिनिटे भाजून थेट गच्चीवर न्यायचे. बेकरीच्या मालकांशी बोलणे झाले आहे, त्यांनी दुपारी तीनची वेळ दिली आहे आणि अंडे न लागलेले वेगळे पत्रे देण्याचे कबूल केले आहे. सोबत चक्क्यात पुदिना आणि हिरवी मिरची वाटून एक चटणी, आणि तासगावचे बेदाणे व चिंच यांची दुसरी, दोन्ही वेगळ्या वाटीत. तुऱ्यांवर काहीही ओतणार नाही.

आता एकच शंका उरली आहे. बेकरीपासून घरापर्यंत रिक्षाने 15 मिनिटे लागतात. एवढे गरम तुरे आणायचे कशात? डब्याची मला धास्ती वाटते.

प्रतिसाद, मिरजेहून

डबा आणि पिशवी दोन्ही नकोत. प्रथम बेकरीतच, पत्र्यावरच पंधरा मिनिटे निवू द्या, कारण सगळ्यांत जास्त वाफ त्याच वेळात निघते. मग बांबूच्या पसरट पाट्या घ्या, तळाला कोरडा पंचा अंथरा आणि तुरे एकाच थरात ठेवा, फार तर दोन थर. वरून पातळ मलमलीचे कापड नुसते टाका, कडा खोचू नका. 240 तुऱ्यांना तीन पाट्या पुरतील. घरी आल्यावर लगेच जाळ्यांवर किंवा चाळणींत पसरा, आणि त्या स्वयंपाकघरात ठेवू नका, तिथे आचाऱ्यांच्या पातेल्यांची वाफ असेल. पंखा लावलेली आतली खोली बरी.